सन्मानपत्रावर मावशींचे नाव का नाही?

१४ एप्रिल ही तारीख आपल्या वाचकांना सांगावी लागत नाही. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोट झाला आणि आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस व त्यापुढील सप्ताह. गेल्या वर्षी याच सप्ताहात, आम्ही ज्या रुग्णालयाच्या विद्युत विभागात काम करतो, त्या विभागाला अग्निसुरक्षेच्या कामाबद्दल एका व्यावसायिक संस्थेचे सन्मानपत्र मिळाले. आनंद झाला, हे आम्ही लपवीत नाही. आयटीआय करून वायरमन म्हणून लागलेल्या माणसाचे नाव भर सभागृहात पुकारले जाते, हे रोज घडत नाही.

पण त्या पत्रावर चार नावे आहेत, आणि चारही कायम नोकरीतली. कंत्राटी पाच जणांपैकी एकाचेही नाव नाही.

रुग्णालयातील अग्निसुरक्षा म्हणजे भिंतीवर टांगलेला लाल सिलिंडर, असा सर्वसाधारण समज आहे. ‘फॉर्म बी’ दर जानेवारीत आणि जुलैत भरला, म्हणजे २००६ च्या कायद्याचे समाधान झाले, असे प्रशासनालाही वाटते. प्रत्यक्षात अतिदक्षता विभागात वातानुकूलन यंत्रे चोवीस तास चालतात, व्हेंटिलेटर, पंप, मॉनिटर एकाच जुन्या वायरिंगवर लादलेले असतात, खिडक्या बंद असतात. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण तो गळून हवेत साचला की चादर, गादी, पडदा क्षणात पेटतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण जिन्याने खाली नेता येत नाही. त्याला त्याच मजल्यावर, आग रोखणाऱ्या दरवाजापलीकडच्या सुरक्षित भागात खाटेसकट न्यावे लागते. म्हणजे सगळा खेळ त्या वाटेचा आहे. आणि रुग्णालयात मोडक्या खाटा, फाटक्या गाद्या, रिकामे खोके नेमके त्याच वाटेत रचले जातात! आपत्कालीन दाराला कुलूप लागते, कारण नातेवाईक तिथून आत शिरतात.

ही वाट रोज मोकळी कोण ठेवते? ज्यांना सारे रुग्णालय ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणते, ते सफाई कामगार व कक्षसेवक. नात्याने हाक मारायची, म्हणजे नाव विचारावे लागत नाही! आमच्याकडे एका रात्री पॅनेलच्या खोलीजवळ जळका वास येतो म्हणून मावशींनी आम्हाला उठवले. केबलचा जोड तापून काळा पडला होता. पुरवठा तोडला, जोड बदलला, सकाळी नोंद झाली: ‘विद्युत विभागाने दोष दूर केला.’ सफाईचे कंत्राटी काम कोणत्या वस्तीतील माणसांच्या वाट्याला येते, हे आम्ही या पानावर लिहिण्याची गरज नाही.

नावे का वगळली, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, ‘ते आपले कर्मचारी नाहीत, कंत्राटदाराचे आहेत.’

आता दुसरी बाजू पाहा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात १० बालके गेली. तिघे भाजून, सात धुराने गुदमरून. सात वाचली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची नोकरीच गेली, आणि पुढील महिन्यात गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभाग पेटला, त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पहिली अटक झाली एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. चौकशी अवश्य व्हावी. पण जुने वायरिंग कोणी मंजूर केले, निधीची फाईल कोणाच्या टेबलावर पडून होती, हे प्रश्न अटकेच्या वेगाने का धावत नाहीत? दोष द्यायचा तेव्हा कंत्राटी माणसाचे संपूर्ण नाव वडिलांच्या नावासह सापडते. श्रेय द्यायचे तेव्हा तो कंत्राटदाराचा होतो.

कागदाला किंमत नाही, असे म्हणणारे आमचे काही सहकारी आहेत. ते कायम नोकरीत आहेत म्हणून असे म्हणू शकतात. कंत्राटदार बदलला की मावशींची मागची सारी वर्षे पुसली जातात. पुढच्या ठिकाणी दाखवायला हातात काही उरत नाही. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, राष्ट्रपतींची पदके आहेत. ती गणवेशातल्या जवानांसाठी, आणि ती योग्यच आहेत. आग लागूच न देणाऱ्या कामाची नोंद कुठे होणार?

आमच्याकडे एक नोंद आहे. आग-सरावाच्या वहीत दर वेळी त्या पाचही जणांच्या सह्या आहेत, एका मावशींचा अंगठा आहे. त्या पानांच्या प्रती जोडून पाच नावांची पुरवणी यादी आम्ही संस्थेकडे आणि रुग्णालय प्रशासनाकडे दिली असून दोन्हीकडची पोच घेतली आहे. संस्थेने नावांचे शुद्धलेखन तपासून मागितले. प्रशासनाचे उत्तर अद्याप आलेले नाही.