शपथ न मागणारी मीटिंग

दारू सोडवायची म्हटलं की आपल्याकडे आधी शपथ घालतात. पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात, देवापुढे नारळ ठेवतात, पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घालतात. माळेने सुटलेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याची शपथ मोडते तो शरमेने आणखी पितो, आणि ‘याला पोटच्या पोराचीही पर्वा नाही’ म्हणून घरचेही हात टेकतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच एए, या संघटनेत शपथच घेत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या बघू, एवढंच तिथे ठरतं. जन्मभराचं ओझं चोवीस तासांवर आणण्याचं हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

संघटनेचा जन्मच मुळी एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याचा पत्ता शोधण्यातून झाला. मे 1935. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम केलेला बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अॅक्रन गावी आला होता. त्याने पिणं सोडून काही महिने झाले होते. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत तो उभा होता, बारमधला गजबजाट कानावर येत होता. त्याने तिथे लावलेली चर्चची यादी पाहून एका पाद्र्याला फोन केला आणि मग एकातून एक नंबर मिळवत गेला. आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोललो तरच आज निभावेल, हे त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं देऊ केली होती. बोलणं रात्री अकराच्या पुढे गेलं. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 ला, आणि तोच दिवस एएचा स्थापनादिन मानतात. भारतात एए 1957 साली मुंबईत सुरू झालं.

मुंबईत बऱ्याच मीटिंगा महापालिकेच्या शाळांत किंवा चर्चच्या सभागृहांत भरतात. शाळकरी मुलांच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे आवळून बसलेली असतात. फळ्याजवळच्या टेबलामागे त्या दिवशीचा चेअरपर्सन बसतो, तोही त्यांच्यातलाच. एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपलं सांगू लागतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. ‘श्रावण कडक पाळतो, म्हणजे मी दारुडा नव्हे’ असं वर्षानुवर्षं स्वतःला समजावलेला माणूस जेव्हा तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, तेव्हा आत काहीतरी हलतं. ते काम डॉक्टरच्या किंवा बायकोच्या हजार वेळा सांगण्याने होत नाही. नव्याने आलेल्याने बोललंच पाहिजे असं नाही.

शेवटी पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने टाकावं. फी नाही, वर्गणी नाही. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. ‘ईश्वर’ हा शब्द येतो, पण ज्याला जसा उमजेल तसा, नास्तिकही येतात. पुन्हा प्यायला तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात, आणि स्लिप झालेल्याला त्याच बाकावर जागा असते.

हे सगळं मनाचं समाधान आहे का? वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसं तपासली गेली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिथवर नेणारे पद्धतशीर उपचार इतर रूढ उपचारांपेक्षा सरस आढळले. मात्र एक गोष्ट ठासून सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा. मीटिंग हा औषधाला पर्याय नव्हे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात राहून उपचार घेता येतात. मग घरी परतल्यावर, पगाराच्या संध्याकाळी, लग्नाच्या वरातीत, जी सोबत लागते ती मीटिंग देते.

आपल्याकडे मदतीसाठी पहिला फोन बहुतेकदा बायको किंवा आई करते. तिच्यासाठी 1951 मध्ये उभी राहिलेली अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. पिणारा मीटिंगला येवो न येवो, तिने तिथे जावं.

मीटिंग शोधायला एएची शहरवार यादी इंटरनेटवर मिळते. जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा मानसोपचारतज्ज्ञही पत्ता सांगतात. काहीच सुचलं नाही तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 वर फोन करा, पैसे पडत नाहीत. नातेवाईक म्हणून नुसतं पाहायचं असेल तर ‘ओपन मीटिंग’ कधी आहे ते विचारा. शेजारपाजारची ओळख निघेल अशी धास्ती असेल तर दोन स्टेशनं पुढच्या ग्रुपला जा. पहिल्या ग्रुपमध्ये मन रमलं नाही तर दुसरा धरा. पण पत्ता खिशात घेऊन महिनोन्महिने फिरू नका. आज संध्याकाळी जिथे मीटिंग असेल तिथे जा, आणि एकट्याला पाय उचलवत नसेल तर आधी फोन करून सांगा. न्यायला कोणीतरी येईल का, हे विचारायला लाजू नका.