पद्मिनीचे फेरे

मुंबईहून पुण्याकडे येताना, खालापूरच्या अलीकडच्या सपाट पट्ट्यात, डॅशबोर्डाखाली नव्यानेच बसवलेल्या आरपीएम मीटरचा काटा सहा हजारांना टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. स्पीडोमीटर ऐंशी दाखवत होता. गाडी प्रीमियर पद्मिनी, मालक पेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे मारतंय या धास्तीने त्यांनी उरलेला रस्ता पन्नासने काढला आणि दुसऱ्याच दिवशी गाडी ओळखीच्या मिस्त्रींच्या दारात उभी केली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंही नाही. “काका, सहा हजारांवर ही गाडी गुणगुणत नसते, बोंबलते,” ते म्हणाले. “खडू आहे का घरात?”

खडूकडे वळण्यापूर्वी गाडीचं गोत्र सांगायला हवं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं, आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. इतिहास एवढा पुरे.

इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो, म्हणजे सहा हजार फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर होतो. घरगुती वापराच्या, त्या काळच्या इंजिनाला हे झेपणारं नव्हे. शिवाय चार गिअरच्या या गाडीचा चौथा गिअर सरळ आहे: इंजिन जितके फेरे घेतं तितकेच प्रोपेलर शाफ्ट घेतो. आजच्या मोटारींत पाचवा-सहावा गिअर इंजिनाला उसंत देतो, तो इथे नाहीच. त्यामुळे द्रुतगती मार्गावर जुन्या गाडीचं इंजिन नव्या गाडीपेक्षा जास्त फिरणार, हा बिघाड नव्हे. प्रश्न एवढाच, की किती जास्त?

आणि हे अंदाजाने नाही, दात मोजून सांगता येतं. मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमध्ये छोटा दातेरी पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो. दोघांच्या दातांचं जे प्रमाण, तेच इंजिन आणि चाकाच्या फेऱ्यांचं. हौसिंग न उघडताही ते काढता येतं.

मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडला आणि मागचं एकच चाक जॅकवर उचललं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही म्हणून शेजारी लाकडी ठोकळेही रचले. टायरवर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. काका चाक हळूहळू फिरवणार, मिस्त्री बाजूने वाकून, टॉर्च मारत शाफ्टचे फेरे मोजणार. इथे एक गंमत आहे. दुसरं चाक जमिनीवर रोवलेलं असल्याने डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतं, म्हणजे चाकाचे वीस फेरे हे क्राउनचे दहाच. हे विसरून कित्येकांनी आपल्या गाडीला भलतंच प्रमाण चिकटवलं आहे. काकांनी वीस मोजले, मिस्त्रींनी त्रेचाळीस. प्रमाण 4.3.

मग टायर. जमिनीवर आणि टायरवर खडूची खूण करून, काकांना आत बसवून गाडी बरोबर एक फेरा ढकलली आणि टेप लावली: 1.86 मीटर. जुन्या 5.20-14 मापाच्या टायरचा व्यास साठ सेंटिमीटरच्या आसपास असतो. हौसेने 165/65 आर 14 बसवले, तर तो 57 वर येतो आणि त्याच वेगाला इंजिन पाचेक टक्के जास्त फिरतं. काकांचे टायर मात्र मूळ मापाचेच निघाले.

राहिला वेग. द्रुतगती मार्गावर किलोमीटरचे फलक आहेत आणि मनगटावर घड्याळ आहे. 45 सेकंदांत एक किलोमीटर म्हणजे ताशी 80, 36 सेकंदांत म्हणजे 100. काट्यावर ऐंशी असताना काकांच्या गाडीला 47 सेकंद लागले. खरा वेग जेमतेम 77. हिशेब जमला: चाकाचे मिनिटाला सुमारे 690 फेरे, गुणिले 4.3, म्हणजे 2970.

या हिशेबापेक्षा इंजिन खरंच जास्त फिरत असेल, तर या गाडीत घसरू शकतो तो फक्त क्लच. त्याची परीक्षा चढावर: चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज चढला आणि वेग जागेवरच राहिला, वर करपल्याचा वास आला, तर क्लचप्लेट झिजली आहे, तिला तेल लागलं आहे किंवा पेडलला मोकळी चालच उरलेली नाही. काकांची पद्मिनी चढावर इमानाने ओढत होती. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यांची बुशं ढिली होऊन तिसऱ्यालाच चौथा समजून गाडी हाकणारेही असतात. तेही तपासून झालं.

एमजीबीवाल्यांचं दुखणं वेगळं. 1962 ते 1980 दरम्यान बनलेल्या या इंग्रज गाडीचं इंजिन आपल्या अँबॅसडरच्याच बी-सिरीज कुळातलं. कित्येक एमजीबींना लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, असतो. तो चालू असेल तर ताशी 100 ला इंजिन 2850 च्या आसपास फिरतं, बंद पडला तर 3450 च्या पुढे जातं. तिथे शोध सुरू होतो तो स्विच, वायर, सोलेनॉइड आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या पातळीपासून. पद्मिनीला ते सुखही नाही आणि ती कटकटही नाही.

आता 2970 आणि सहा हजार. मिस्त्रींनी मीटर उलटा केला. जुन्या बाजारातून आणलेला, दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचा, एका फेऱ्याला एक ठिणगी धरणारा. चार सिलिंडरची पद्मिनी एका फेऱ्यात दोन ठिणग्या टाकते. मीटर बिचारा प्रामाणिकपणे दुप्पट मोजत होता.

“म्हणजे दोनने भागायचं?” काकांनी विचारलं.

“नाहीतर काढून टाकायचा. कंपनीने दिलाच नव्हता.”

पुढच्या रविवारी मीटर जुन्या बाजारात परत गेला. डॅशबोर्डाखालच्या दोन भोकांत काकांनी रबरी बुचं बसवली. शाफ्टवरची खडूची रेघ पहिल्या पावसात धुऊन गेली.