ताटाचा खर्च आणि ताटापर्यंत पोहोचण्याचा खर्च

आज आपण पैशांबद्दल बोलणार आहोत. प्रौढ दिव्यांग व्यक्तींचं पोषण आणि आरोग्य सांभाळणारा उपक्रम गावात किंवा वस्तीत चालवायचा, तर निधी कुठून येतो, कुठे अडतो आणि मागताना हिशोब कसा मांडायचा, एवढाच आजचा विषय.

आधी 'प्रौढ' या शब्दावर थांबू. आपल्याकडे सरकारी अन्न मुख्यतः वय बघून वाढलं जातं. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी, पुढे आठवीपर्यंत शालेय पोषण आहार. मूल निवासी विशेष शाळेत असेल तर जेवणाची सोय तिथेच. अठरा वर्षं पूर्ण झाली, मूल घरी परतलं, की त्याच्या नावाचं ताट बंद होतं. उरतं रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य. त्यानं पोट भरतं, पण डाळ, अंडी, भाजी यांचं काय? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यातले बहुसंख्य प्रौढ आहेत.

आता गरज बघा, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते. मणक्याला इजा झालेल्या माणसाची हालचाल कमी, म्हणून त्याला उष्मांक कमी लागतात. पण अंगावर दाबाच्या जखमा झाल्या की प्रथिनं जास्त लागतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काहींना गिळता येत नाही. त्यांना मऊ, दाटसर अन्न हवं आणि भरवायला शांतपणे बसणारा माणूस हवा. फिटच्या काही जुन्या औषधांनी शरीरातलं ड जीवनसत्त्व घटतं, हाडं ठिसूळ होतात. त्यात माणूस दिवसभर घरातच असेल तर ऊनही मिळत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांमध्ये वजन वाढण्याचं प्रमाण जास्त आढळतं. आणि कित्येक बायका दिवसभर पाणीच कमी पितात, कारण त्यांना जाता येईल असं शौचालय जवळ नाही. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. म्हणजे पोषणाचा प्रश्न कधीकधी शौचालयाच्या दारापाशी सुरू होतो.

आता पैसा. तो कुठे आहे?

एक, थेट हातात येणारं अनुदान. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. ते घरखर्चात मिसळून जातं; त्यातून एकट्याचा आहार वेगळा काढणं गरीब घराला परवडत नाही. तरी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. ही तरतूद लक्षात ठेवा, निवेदनात उपयोगी पडते.

दोन, स्थानिक संस्थांचा ५ टक्के निधी. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी आपल्या उत्पन्नातला हा वाटा दिव्यांगांसाठी राखायचा असतो. पूर्वी तो ३ टक्के होता. यातून वैयक्तिक लाभ देता येतो, तशा सामूहिक योजनाही घेता येतात.

तीन, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते. कुपोषण आणि आरोग्य हे विषय त्या यादीत आहेत.

चार, राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांना वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. तपासणी आणि थेरपीचा खर्च तिथून निघाला, तर उपक्रमाचा भार हलका होतो.

पाच, आपलेच लोक. वाढदिवस, पुण्यतिथी, सणवार.

मग अडतं कुठे? बहुतेक देणाऱ्यांना वस्तू द्यायला आवडते. तीनचाकी दिली, फोटो निघाला, काम संपलं. जेवण द्यायलाही लोक तयार असतात. पण भरवणाऱ्या बाईचं मानधन आणि ने-आण करणाऱ्या रिक्षाचं भाडं कोणी द्यायचं? खरा खर्च तिथेच असतो.

एक काल्पनिक हिशोब करू. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न १२ लाख. त्याचे ५ टक्के म्हणजे ६०,००० रुपये. गावात ४० दिव्यांग. वाटून टाकले तर माणशी १,५०० रुपये, वर्षातून एकदा. आठवड्यात संपतात. तेच एकत्र ठेवले तर महिन्याला ५,००० होतात. बचत गटातल्या एका ताईला ३,००० मानधन, २,००० रिक्षाला. आठवड्यातून एकदा सगळे एकत्र येतात. वजन, रक्तदाब, पाठीवरच्या जखमा बघितल्या जातात, थोडा व्यायाम होतो. आणि अंडी? माणशी दोन, सात रुपयांना एक धरलं, तर आठवड्याला ५६० रुपये. एवढे गावातले दाते आनंदानं देतात.

फक्त दात्यांना एक विनंती करावी लागते: श्रीखंड-पुरी नको, उसळ, अंडी, फळं द्या. ज्याला मधुमेह आहे त्याच्यापुढे दर आठवड्याला कुणाच्या तरी आनंदाची मिठाई येते, हे बरं नाही.

शेवटी श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न घेतो: "रोख वाटप थांबवलं तर लोक चिडणार नाहीत का?" चिडतील, आणि त्यांचं चुकणार नाही. अनेक घरांत ते दीड हजार औषधाला लागतात. म्हणून हा निर्णय सरपंच किंवा संस्था यांनी परस्पर घ्यायचा नाही. त्या चाळीस जणांना आधी बसवा, हिशोब समोर ठेवा, त्यांना ठरवू द्या. अर्धे रोख, अर्धे एकत्र, असंही ठरू शकतं. आणि हे मार्चमध्ये करू नका. तेव्हा उरलेल्या पैशांच्या घाईघाईनं वस्तूच घेतल्या जातात. पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्याची चर्चा ऑक्टोबरपासून सुरू होते. ग्रामसभेत मागणी तेव्हाच लेखी द्या, आणि त्यात मानधन आणि प्रवास या दोन ओळी सगळ्यात वर लिहा.