केळीचा पर्णगुच्छ रोग

केळीची लागवड बियांपासून होत नाही. कंदाला फुटलेले मुनवे काढून ते नव्या बागेत लावावे लागतात. लागवडीची ही सोपी रीतच पर्णगुच्छ रोगाला दूरवर नेण्यास कारणीभूत झाली आहे.

रोगट झाडाच्या पानांच्या देठांवर व शिरांवर प्रथम गडद हिरवे ठिपके आणि तुटक रेषा उमटतात. पुढे येणारे प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा आखूड, अरुंद व ताठ निघते. पानांच्या कडा पिवळ्या पडतात आणि शेंड्याशी पानांचा गुच्छ बनतो. लहानपणीच रोग जडलेले झाड सहसा घड देत नाही.

ऑस्ट्रेलियात हा रोग १९१३ च्या सुमारास फिजी बेटांतून आला व १९२५ पर्यंत त्याने तेथील बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या. त्या दशकात सी. जे. पी. मॅगी यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, हा रोग विषाणुजन्य असून केळीवरील मावा त्याचा वाहक आहे. मावा रोगट झाडाचा रस शोषतो व विषाणू निरोगी झाडात सोडतो. झाडे तोडण्याच्या हत्यारांनी मात्र तो पसरत नाही.

मावा रोगाला शेजारच्या झाडापर्यंत नेतो. समुद्रापार नेतो तो मनुष्य. भारतात हा रोग १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला. पुढे तमिळनाडूतील पळणी डोंगरांवरील विरूपाक्षी या नामांकित केळीची फार मोठी हानी त्याने केली.

रोगट झाड बरे करणारे औषध नाही. विषाणू कंदातही असल्यामुळे वरचे खोड कापून भागत नाही. त्या कंदाचे मुनवेही रोगटच निघतात. म्हणून प्रथम औषध फवारून मावा मारावा, नाहीतर तो उडून शेजारच्या झाडांवर जातो. नंतर सर्व मुनव्यांसह कंद खणून नष्ट करावा. हिरवे, उभे झाड उपटणे बागाईतदाराच्या जिवावर येते. परंतु राखलेले एक झाड संपूर्ण बागेला भोवते. सक्तीची तपासणी, रोगट झाडांचा नाश आणि लागवडीच्या मुनव्यांवर नियंत्रण या तीन उपायांनीच ऑस्ट्रेलियातील बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

ऊतिसंवर्धित रोपेदेखील मातृवृक्ष विषाणुमुक्त असल्याची परीक्षा झाली असेल तरच भरवशाची असतात. मुनवा कोठून आणला, हे लावण्यापूर्वीच विचारले पाहिजे.