रॅमचा शब्द आणि नवव्या रात्रीचा डेटा

एखादं व्हर्च्युअल मशीन रात्री तीनच्या सुमाराला गुपचूप बंद पडतं. सकाळी तुम्ही ते परत सुरू करता, आतले लॉग उघडता, आणि त्यात काहीच नाही. शेवटची ओळ २:५१ ची, तीही नेहमीचीच. एरर नाही, तक्रार नाही. जणू कोणीतरी प्लग ओढला.

नेदरलँड्समध्ये मी ज्या ग्रुपमध्ये काम करते तिथे हे झालं, तेव्हा एका पीएचडी विद्यार्थिनीचं मोजमाप चालू होतं. सेन्सर दर सेकंदाला आकडे पाठवत होता आणि ते साठवून घेणारं मशीन मेलेलं होतं. सहा तासांचा डेटा गेला. नमुना मधल्या काळात बदललेला, म्हणजे सगळा प्रयोग पहिल्यापासून. तिच्या थीसिसच्या वेळापत्रकाला ते परवडणारं नव्हतं. मशीन मी बसवलं होतं, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कोणी नव्हतं.

मांडणी अशी होती: कपाटात ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर, म्हणजे आपला होस्ट. ८ जीबी रॅम, वर लिनक्स आणि केव्हीएम. त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे गेस्ट: एक ३ जीबीचं, दोन २-२ जीबीची. बेरीज ७. होस्टला १ जीबी उरतो, चालून जाईल, असा माझा हिशेब. आणि आठ दिवस चाललंही! म्हणून प्रश्न असा की नवव्याच रात्री का?

तुम्ही गेस्टला ३ जीबी ‘देता’ तेव्हा प्रत्यक्षात काहीच दिलं जात नाही. होस्टच्या दृष्टीने गेस्ट म्हणजे एक साधी प्रोसेस. ती ३ जीबी मागते, लिनक्स ‘हो’ म्हणतं, आणि विषय तिथेच संपतो. खरी रॅम लागते ती गेस्ट एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा, एकेका पानाने, सहसा ४ केबीचं एक पान. लग्नाच्या पत्रिका हजार वाटायच्या आणि स्वयंपाक सातशेंचा करायचा, तसंच हे. याला ओव्हरकमिट म्हणतात. बहुतेक प्रोग्रॅम मागतात तेवढं वापरत नाहीत, म्हणून हे खपतं.

गेस्ट मात्र तसा पाहुणा नाही. त्याच्या आतही एक लिनक्स आहे, आणि लिनक्सला रिकामी रॅम बघवत नाही. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल ते कॅशमध्ये ठेवतं. दिवसागणिक गेस्ट एकेक नवं पान वापरात घेतो. आत कॅश रिकामी झाली तरी होस्टला ते आपणहून कळत नाही. त्यासाठी बलून ड्रायव्हरसारखी सोय लागते. म्हणजे पहिल्या दिवशी ६०० एमबीवर दिसणारं मशीन आठवड्याभरात आपले सगळे ३ जीबी खाऊन बसतं.

इथे मला डायक्स्ट्रा आठवतो. १९६०च्या दशकात आयंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात त्याने आणि त्याच्या छोट्या टीमने ‘टीएचई’ ही मल्टिप्रोग्रॅमिंग प्रणाली बांधली, इलेक्ट्रोलॉजिका एक्स-८ या डच मशीनवर. मुख्य मेमरी ३२ हजार शब्दांची, प्रत्येक शब्द २७ बिटांचा, म्हणजे आजच्या मापात जेमतेम १०८ केबी. बाकी सगळं एका फिरत्या ड्रमवर. १९६८ साली त्यावरचा त्याचा लेख आला. त्याच काळात त्याने ‘बँकरचा अल्गोरिदम’ मांडला. प्रत्येक गिऱ्हाईक आपली कमाल गरज आधी सांगतं. बँकर पुढचा हप्ता तेव्हाच देतो, जेव्हा कुठल्या ना कुठल्या क्रमाने सगळ्यांचं काम पूर्ण होऊ शकेल. गंमत म्हणजे सगळ्यांच्या कमाल गरजांची बेरीज तिजोरीपेक्षा जास्त असली तरी त्याला चालतं, कारण काम संपलं की गिऱ्हाईक पैसे परत करतं.

आपल्या गेस्टचं काम संपतच नाही. तो महिनोन्महिने चालू असतो आणि बलून नसेल तर घेतलेलं परत देत नाही. अशा गिऱ्हाइकांपुढे बँकरकडेही एकच सुरक्षित उत्तर उरतं: साधी बेरीज.

ती मी नीट केलीच नव्हती. होस्टवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम होती, आणि तिची स्वतःची कॅश, ‘एआरसी’, त्या आवृत्तीत मुळातच निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकत होती. म्हणजे ४ जीबी. सात आणि चार अकरा, आणि घरात आठ. मागणी आली की एआरसी आकसते, पण दरवेळी पुरेशी लवकर नाही. रात्री तीनला बॅकअप सुरू झाला, एआरसी फुगली, तोवर गेस्टही भरत आले होते.

रॅम खरंच संपली की लिनक्स ओओएम किलरला बोलावतं. तो दोषी कोण हे शोधत बसत नाही. साधारणपणे सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेली प्रोसेस मारतो. व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर ती जवळपास नेहमी सगळ्यात मोठा गेस्ट असते. आमच्याकडे तो मोजमाप साठवणारा. बॅकअप मात्र सुखरूप पूर्ण झाला.

म्हणून तुमच्यावर ही वेळ आली तर गेस्टचे लॉग उपसत बसू नका. होस्टवर कर्नलचा लॉग उघडा आणि त्या वेळेच्या आसपास ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. पुढे क्यूईएमयूचं नाव दिसलं की खून बाहेरून झालाय. हीच ओळ गेस्टच्या आतल्या लॉगमध्ये असेल तर गोष्ट उलटी: गेस्टलाच रॅम कमी पडतेय. मग ‘फ्री’ कमांड चालवा आणि ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’ हा रकाना वाचा. झेडएफएस असेल तर एआरसी वेगळी बघा, कारण ती तिथे कॅश म्हणून नाही तर वापरलेली रॅम म्हणून दिसते. मी यात अर्धा दिवस घालवला.

मशीन सुरू होतानाच ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ आलं तर ते दुखणं वेगळं आहे. तिथे होस्टने आधीच नकार दिलाय. मी पुढे प्रयोग म्हणून ओव्हरकमिटची सेटिंग २ वर, म्हणजे कडक हिशेबावर नेली. मर्यादा झाली स्वॅप अधिक निम्मी रॅम, आमच्याकडे ६ जीबी. तिसरं मशीन सुरूच होईना. वैताग आला खरा, पण तो दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर आला.

शेवटी एआरसीला १ जीबीची मर्यादा घातली, मोठ्या गेस्टचे ३ चे २ केले, एक गेस्ट १ जीबीवर आणला. थोडा स्वॅप ठेवला, पण त्याच्या भरवशावर नाही. रॅम संपल्यावर तो फक्त थोडा वेळ मिळवून देतो, आणि तेवढ्यात सगळं इतकं मंदावतं की मोजमापाच्या दृष्टीने मशीन मेल्यातच जमा. एकसारखी पानं वाटून घेणारं केएसएमही पाहिलं. किती वाचेल याची खात्री देता येईना, म्हणून बेरजेत धरलं नाही. ओओएमच्या सेटिंगने मोजमापाच्या गेस्टला संरक्षण देता येतं, ते दिलं, पण मग बळी दुसऱ्याचा जातो हे कपाटावरच्या चिठ्ठीत लिहून ठेवलंय.

आता बेरीज ६ आहे आणि बॅकअप दुपारी जेवणाच्या सुट्टीत चालतो. विद्यार्थिनीने नवा नमुना लावला, आणि पहिले दहा दिवस रोज सकाळी कॉफीच्या आधी तिने मला होस्टचा ‘अव्हेलेबल’ आकडा विचारला.