थोरलीचीही तयारी

वारंगा फाट्यावर नागपूर–तुळजापूर महामार्गाला अकोल्याहून हिंगोली-कळमनुरीमार्गे येणारा रस्ता मिळतो. ट्रक, ट्रॅव्हल्स आणि खिचडीची हॉटेलं, सगळं उजाडायच्या आधीच सुरू होतं. अशाच एका हॉटेलात कामाला असणाऱ्याच्या घरी मी आशाताईंसोबत जात होते. सून आठव्या महिन्यात, थोरली लेक चौथ्या वर्षात. घरात दुसरं बाळ येण्याआधी काय काय करावं लागतं, ते मला जवळून बघायचं होतं.

आशाताईंनी आधी कार्ड बघितलं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारलं. या घरातली पहिली तयारी मात्र कधीच झाली होती. थोरली झाली तेव्हाच सुनेनं तांबी बसवून घेतली होती. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षं जावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानं आईचं अंग भरून येतं आणि थोरल्यालाही हक्काचं दूध आणि मांडी मिळते. कडेवर एक नि पोटात एक असलं की दोघांचीही आबाळ होते.

दुसरी तयारी अंथरुणाची. थोरली आईला बिलगूनच झोपायची. आजीनं सातव्या महिन्यापासून तिला आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली. पोर रात्री उठायची नि रांगत आईकडे जायची. आजी रागावली नाही. तिनं स्वतःचंच अंथरूण सुनेच्या अंथरुणाला लावलं आणि पोर सवयीची झाली तसं हळूहळू भिंतीकडे सरकवलं. हेच बाळ घरी आल्या दिवशी केलं असतं, तर आपली जागा या बाळानंच घेतली, असं त्या जिवानं धरलं असतं.

तिसरी तयारी बापाची. अंगणवाडीत सोडायचं म्हणजे वाहनांनी भरलेला रस्ता ओलांडायचा, आणि ते काम आजवर आईचं होतं. आता हॉटेलात जाण्याआधी तोच लेकीला आंघोळ घालतो, वेणी घालतो, बोट धरून नेतो. सुरुवातीला वेणी वाकडी यायची आणि लेक रुसायची. बाळ येईपर्यंत दोघांचंही जमलं.

रात्री कळा सुरू झाल्या तर काय, हेही ठरलं होतं. 102 ला फोन, सोबत नवरा आणि जाऊ, लेकीजवळ आजी. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणात तीन दिवसांपर्यंत आणि शस्त्रक्रिया झाली तर सात दिवसांपर्यंत आईला मोफत जेवण मिळतं, म्हणजे मुक्काम साधारण तेवढा धरायचा. आई कुठं जाणार आणि परत येणार, हे लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं. लेकरू झोपेत असताना गुपचूप निघून जाणं मोठ्यांना सोपं जातं, पण सकाळी आई दिसली नाही की ते घाबरून जातं.

एकदा शेजारीण येऊन बसली. लहान लेकराच्या तोंडून येतं ते खरं होतं, असं मानतात, म्हणून तिनं पोरीला विचारलं, “तुला भाऊ पाहिजे का बहीण?” आशाताईंनी तिथंच थांबवलं. “बाळ येणार आहे, एवढंच सांगा तिला.” दुसरी मुलगी झाली तर पात्र आईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून 6,000 रुपये मिळतात, तेही त्यांनी शेजारणीला सांगितलं. बहिणीच्या तोंडून भावाची मागणी वदवून घेणं म्हणजे तू पुरेशी नव्हतीस, असं तिलाच सांगणं.

बाळंतीण घरी आली आणि आशाताईंच्या भेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं असतं. वजन, ताप, नाळ, अंगावर पिणं, सगळं तपासायचं. थोरली दाराशी उभी राहून बघायची. याच दिवसांत तिनं अंथरूण ओलं केलं, आईजवळ दूध मागितलं. हा हट्टीपणा नाही. या वयाची बरीच लेकरं असं करतात, आणि रागावलं नाही तर ते आपोआप थांबतं.

बाळ रडलं की आजी थोरलीला जवळ बोलवायची. “बघ बरं, कामून रडायलंय? भूक लागली असंल का?” पोर विचार करायची, वाकून बघायची आणि सांगायची, “त्याला गरम व्हायलंय.” मग आजी दुपटं सैल करायची. इंग्लंडमध्ये ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजच्या 40 कुटुंबांत दुसऱ्या बाळाच्या आधी आणि नंतर जाऊन निरीक्षण केलं. 1982 मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. जिथं आईनं तान्ह्या बाळाला काय हवंय, काय वाटतंय याबद्दल थोरल्याशी बोलणं ठेवलं, तिथं पुढं भावंडांची जास्त गट्टी जमलेली दिसली. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

थोरल्याची तयारी एकट्या आईनं करायची नसते, आणि बाळ आल्यावर तर ती करायला वेळच उरत नाही. सातव्या महिन्यापासून बाप, आजी, आजोबा, काकू यांनी एकेक काम उचलायला हवं. आणि बाळ बघायला जाणाऱ्यांना एक विनंती: “आता तुझे लाड संपले” हे वाक्य चेष्टेतही बोलू नका. घरात शिरल्यावर आधी थोरल्याला जवळ घ्या, मग पाळण्याकडे जा.