ओटा कुणाच्या उंचीचा?

आज कोड नाही, किचन.

आमचं सांगलीचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं, शोरूममध्ये थ्री-डी डिझाइन बघितलं, एकदम भारी. आईनं एकच विचारलं, "यात भाकरी कुठं थापायची?"

मग मी आठवडाभर खुर्ची टाकून बसलो आणि आई काय-काय करते ते मोबाइलमध्ये टिपलं. पीठ खालच्या कप्प्यात, परात मांडणीवर, पाणी पार पलीकडं. पण खरा घोळ उंचीचा निघाला. ओटा 34 इंच, आई पाच फुटांच्या आत. थापताना खांदे सतत वर. साताऱ्याची मावशी अजून खाली बसूनच थापते, तिचा खांदा मात्र ठणठणीत! भाकरीला जोर वरून लागतो ना.

हिशोब सोपा आहे. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून मोजा. चिरायला ओटा त्याच्या तीन-चार इंच खाली हवा, थापायला-मळायला पाच-सहा. आईचं कोपर 36 इंचांवर, म्हणजे थापायला 30. शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच, वर पातेलं. म्हणून शेगडीही त्याच खालच्या भागात. थापली की लगेच तव्यावर. पण मग सिलिंडर रेग्युलेटरसकट खाली नीट मावेना. तो सिंककडच्या उंच भागाखाली गेला. उभाच ठेवायचा, आणि त्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो.

1926 साली फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांनी बाईची पावलं मोजून छोटं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच. फक्त तिथं ज्वारीची भाकरी नव्हती!

आता पाणी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. आमच्या पार्टिकल बोर्डच्या ट्रॉल्या पाण्यात टाकलेल्या टोस्टसारख्या फुगल्या, सगळ्या फेकल्या. 2021 ला परत पूर. मरीन प्लाय घ्या, 710 चा शिक्का बघा, असं सगळे सांगतात. प्लाय चांगलाच असतो, पण चार दिवस गाळात बुडवून ठेवायला मी तरी पैसे घालणार नाही. ओट्याखाली लाकूडच नाही: कडप्प्याच्या उभ्या फळ्या, हातानं उचलून माडीवर नेता येतील अशा स्टीलच्या जाळ्या, ॲल्युमिनियमची दारं. प्लाय फक्त वरच्या कपाटांना. घरात घोट्याएवढं पाणी आलं तरी चालेल म्हणून प्लग पॉइंट चार फुटांवर.

गवंडी म्हणतो, दोन उंच्या केल्या तर ग्रॅनाइटला जोड येणार, खर्च वाढणार. बाबांना एकसारखा ओटा हवाय, ते सध्या गप्प आहेत.

काल अंगणात विटा रचून वर फरशी टाकली, बरोब्बर 30 इंच. आईनं परात घेतली, एक भाकरी थापली. म्हणाली, "अजून एक इंच खाली घे."